टॅकलचा नवा नियम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चेंडू हातात घेऊन पळण्याच्या अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजेच एनएफएलने, मार्च २०२४ मध्ये ‘हिप-ड्रॉप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टॅकलवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडण्याच्या एका प्रकारावर, बंदी घातली. संघमालकांनी हा नियम एकमताने मंजूर केला, तर खेळाडूंच्या संघटनेने त्याला उघड विरोध केला. या नियमाबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे ती एकत्र करून मांडली आहे.

प्रश्न: चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला मागून पकडून खाली पाडणे हाच आता गुन्हा ठरला आहे का? तसे असेल तर बचाव करणाऱ्याने करायचे तरी काय?

उत्तर: नाही, आणि बराचसा गोंधळ या एकाच गैरसमजातून झालेला आहे. मागून पकडण्यास, कंबरेला मिठी मारण्यास किंवा ओढत खाली आणण्यास आजही कोणतीही मनाई नाही. नियमाने तीन गोष्टी एकत्र घडण्याची अट घातली आहे. बचावपटूने धावणाऱ्याला दोन्ही हातांनी धरलेले असले पाहिजे किंवा दोन्ही बाहूंनी वेढलेले असले पाहिजे. त्यानंतर त्याने स्वतःची कंबर वळवून, पाय जमिनीवरून सोडून, शरीराचा खालचा भाग झोकून दिलेला असला पाहिजे. आणि हे शरीर धावणाऱ्याच्या गुडघ्यावर किंवा गुडघ्याखालच्या भागावर पडून त्याचा पाय खाली अडकलेला असला पाहिजे. या तिन्हींपैकी एक गोष्ट जरी घडली नाही तरी टॅकल वैध राहतो. तिन्ही घडल्या तर १५ यार्डांचा दंड होतो आणि आक्रमण करणाऱ्या संघाला आपोआप फर्स्ट डाउन मिळतो, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्यासाठीच्या चार संधी नव्याने सुरू होतात. सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत एवढा दंड निकाल फिरवू शकतो.

ही तिसरी अट का घातली हे शरीराच्या रचनेकडे पाहिले की कळते. धावणाऱ्याच्या बुटाचे खिळे मैदानात रुतलेले असतात आणि त्याच क्षणी शंभर किलोच्या आसपासचे शरीर त्याच्या पोटरीवर मागून कोसळते. पाऊल जागेवर राहते, नडगी पुढे व बाहेर पिळली जाते, आणि नडगीचे हाड व शेजारचे बारीक हाड यांना घोट्याच्या वर बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. साध्या मुरगळीपेक्षा ही दुखापत फार हट्टी असते. बाल्टिमोर रेव्हन्सचा आक्रमक खेळाडू मार्क अँड्र्यूज नोव्हेंबर २०२३ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध अशाच टॅकलमध्ये जखमी झाला आणि जानेवारीच्या अखेरीस, थेट अमेरिकन कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) विजेतेपदाच्या सामन्यातच मैदानावर परत येऊ शकला. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये डॅलस काउबॉइजच्या टोनी पोलार्डचे पायाचे हाड प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) सामन्यात याच प्रकारे मोडले होते.

प्रश्न: लीग म्हणते की हा टॅकल इतर टॅकलपेक्षा वीस ते पंचवीस पट धोकादायक आहे. हा आकडा विश्वासार्ह मानावा का?

उत्तर: दिशा विश्वासार्ह आहे, नेमकेपणाबद्दल सावध राहावे. लीगने २०२२ आणि २०२३ या दोन हंगामांतील चित्रफिती तपासून असे सुमारे २३० टॅकल वेगळे काढले आणि त्यांत दुखापतीचे प्रमाण इतर टॅकलच्या वीस ते पंचवीस पट असल्याचे सांगितले. दोन हंगामांत होणाऱ्या एकूण टॅकलच्या तुलनेत २३० ही फारच लहान संख्या आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. दुसरे म्हणजे, कोणता टॅकल या गटात घालायचा हे माणसांनी चित्रफीत पाहून ठरवले आहे. खेळाडू लंगडत बाहेर गेला असेल तर त्याच्या टॅकलकडे अधिक बारकाईने पाहिले जाते आणि तो धोकादायक गटात जाण्याची शक्यता वाढते. कोणालाच काही न होता पार पडलेला तसाच टॅकल नजरेतून निसटू शकतो. त्यामुळे पटींचा आकडा फुगलेला असू शकतो. परंतु तो निम्म्यावर आणला, अगदी चौथ्या हिश्श्यावर आणला, तरीही उरणारा धोका दुर्लक्ष करण्यासारखा राहत नाही. मला हा नियम योग्य वाटतो तो याच हिशेबाने.

प्रश्न: मी स्वतः अनेक वर्षे मैदानी खेळ खेळलो आहे. खेळाडूंच्या संरक्षणासाठी आणलेल्या नियमाला खेळाडूंचीच संघटना विरोध करते, हे मला पटत नाही. यामागे मर्दानगीचा अहंकार आहे की आणखी काही?

उत्तर: अहंकाराचा भाग असेलही, परंतु विरोध केवळ त्यावर उभा आहे असे म्हणणे खेळाडूंवर अन्याय करणारे ठरेल. या संघटनेत धावणारे आणि पाडणारे असे दोन्ही प्रकारचे खेळाडू सदस्य आहेत. ज्यांचे घोटे मोडतात तेही तिचेच सदस्य आहेत. तरीही तिने विरोध केला, आणि तिचे मुख्य म्हणणे असे होते की या नियमामुळे खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि प्रेक्षक या सर्वांच्याच मनात संभ्रम निर्माण होईल.

बचावपटूची बाजू समजून घ्यायची तर वजनाचा विचार करावा लागतो. डेरिक हेन्रीसारखा धावपटू सव्वासहा फुटांच्या जवळपास उंच आणि ११० किलोहून अधिक वजनाचा आहे. त्याच्या मागे धावणारा कॉर्नरबॅक, म्हणजे मैदानाच्या कडेला बचाव करणारा खेळाडू, अनेकदा ८५ ते ९० किलोंचा असतो. समोरून अडवण्याची संधी हुकली आहे, समोरचा पूर्ण वेगात निघाला आहे आणि हातात फक्त त्याची कंबर आली आहे, अशा वेळी आपले वजन खाली झोकून देणे ही त्या लहान चणीच्या खेळाडूची जवळजवळ सहजप्रवृत्ती असते. कबड्डीत निसटत्या चढाईपटूला कंबरेला धरून लोंबकळणारा बचावपटू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

आता या बचावपटूला कोणकोणत्या गोष्टी आधीच वर्ज्य आहेत ते पाहा. मानेजवळ मागून कॉलरला किंवा खांद्याच्या पॅडच्या आतील बाजूला धरून ओढणे २००५ पासून बंद आहे. हेल्मेट खाली झुकवून धडक देणे २०१८ पासून दंडनीय आहे. झेल घेण्याच्या अवस्थेत असलेल्या, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर आघात करता येत नाही. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, गुडघ्यावर झेपावता येत नाही, आणि त्याला पाडल्यावर आपल्या शरीराचा पूर्ण भारही त्याच्यावर टाकता येत नाही. यांपैकी प्रत्येक नियमामागे सबळ कारण आहे आणि मी एकही मागे घ्यावा असे म्हणणार नाही. मात्र हे सगळे नियम एकाच माणसाने, एका सेकंदाच्या अंशात, धावता धावता पाळायचे असतात.

एका जागचा धोका हटवला की तो दुसरीकडे सरकतो, हा अनुभवही खेळाडूंच्या मनात ताजा आहे. डोक्यावरील आघातांबाबत लीग कठोर झाल्यानंतर, २०१३ मध्ये मायामी डॉल्फिन्सच्या डस्टिन केलरच्या गुडघ्यावर हंगामापूर्वीच्या सामन्यात थेट धडक बसली आणि त्यानंतर तो एनएफएलमध्ये पुन्हा खेळू शकला नाही. धडक देणाऱ्या बचावपटूने नंतर स्पष्ट सांगितले की वरच्या बाजूला आघात केल्यास दंड होतो म्हणून तो खाली गेला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या रॉब ग्रॉनकाउस्कीचा गुडघाही अशाच खालच्या धडकेत फाटला. त्याहूनही बोलके उदाहरण २०१८ चे आहे. क्वार्टरबॅकवर भार टाकू नये या नियमाची अंमलबजावणी कडक झाली होती, आणि मायामीचा विल्यम हेज क्वार्टरबॅक डेरेक कार याला पाडताना स्वतःचे वजन त्याच्यावर पडू नये म्हणून अंग वळवू लागला. त्या प्रयत्नात त्याच्या स्वतःच्याच गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. नियमाचे संरक्षण एका शरीराला मिळाले आणि किंमत दुसऱ्याने मोजली. हे उदाहरण विसरून केलेली कोणतीही चर्चा मला अपुरी वाटते.

यात आणखी एक सल आहे. नियमबदलासाठी ३२ पैकी २४ संघमालकांची मते लागतात. खेळाडूंच्या संघटनेला मत नसते. आपले म्हणणे मांडता येते, परंतु निर्णय दुसरेच लोक घेतात, आणि त्या निर्णयाखाली धावायचे मात्र आपल्याला असते. विरोधाच्या स्वरात जो कडवटपणा आहे त्याचे मूळ मला येथे दिसते. तरीही संघटनेचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही. संभ्रम होईल ही भीती खरी असली, तरी त्यावरचा उपाय नियम अधिक नीट शिकवणे हा आहे; धोकादायक कृती तशीच चालू ठेवणे हा नव्हे.

प्रश्न: असे प्रत्येक नियमाच्या वेळी ‘आता खेळ संपला’ म्हणून ओरड होते, असे वाचले. मागचे नियम खरोखर उपयोगी पडले का, याचा काही पुरावा आहे का?

उत्तर: ओरड होते हे खरे, आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ मध्ये अमेरिकेत फुटबॉल इतका हिंसक आणि जीवघेणा झाला होता की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्या काळी खेळाडू एकमेकांना धरून दाट जथ्याने प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडत. १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. आज ज्याला या खेळाचे सौंदर्य म्हणतात तो फॉरवर्ड पास सुरक्षिततेच्या सुधारणांतूनच आलेला आहे, ही गोष्ट ‘खेळ बिघडतो’ म्हणणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र १९७६ चा आहे आणि तो व्यावसायिक नव्हे, तर शालेय व महाविद्यालयीन फुटबॉलमधला आहे. हेल्मेट अधिक मजबूत झाल्यावर खेळाडू डोक्याचाच शस्त्रासारखा वापर करू लागले होते. डोके खाली घालून माथ्याने धडक दिली की मानेचे मणके एका सरळ रेषेत येतात, त्यांची नैसर्गिक बाकदार लवचीकता नाहीशी होते आणि आघाताचा सगळा जोर कण्यावर जातो. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी मानेच्या गंभीर दुखापतींची देशभरातील नोंद ठेवून ही कारणमीमांसा मांडली. १९७६ मध्ये अशा धडकेवर बंदी आली. त्या वर्षी मानेच्या दुखापतीमुळे चारही अवयव कायमचे लुळे पडल्याची ३४ प्रकरणे नोंदवली गेली होती. १९८४ मध्ये ती संख्या ५ वर आली.

ही घट पंचांनी पुकारलेल्या दंडांमुळे झाली नाही. मैदानावर तो दंड क्वचितच पुकारला जात असे. घट झाली ती प्रशिक्षकांनी शिकवण बदलल्यामुळे: डोके वर, नजर समोर, धडक खांद्याने. नियमाने प्रशिक्षकाच्या हाती कारण दिले आणि बदल सरावाच्या मैदानावर घडला. हिप-ड्रॉपच्या वादात दोन्ही पक्ष दंड पुकारताना पंच टाकतात त्या पिवळ्या रुमालाबद्दलच बोलत राहतात, आणि ज्या ठिकाणी खरे काम व्हायचे आहे ते ठिकाण चर्चेतून सुटून जाते. माझे सांगणे मुख्यतः एवढेच आहे.

कॉलर धरून ओढण्यावरील २००५ च्या बंदीचेही थोडक्यात सांगतो. डॅलसचा रॉय विल्यम्स या टॅकलसाठी कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २००४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या टेरेल ओवेन्सचा पाय विल्यम्सच्याच टॅकलमध्ये मोडला. बंदीनंतरही त्याची सवय लगेच सुटली नाही आणि २००७ मध्ये त्याला एका सामन्यासाठी निलंबित करावे लागले. प्रौढ, निष्णात खेळाडूच्या शरीरात मुरलेली हालचाल एका ठरावाने जात नाही. आज मात्र त्या बंदीविरुद्ध कोणी बोलताना आढळत नाही.

प्रश्न: नियम झाला, पण सामने पाहताना हा दंड पुकारलेला मला दिसतच नाही. मग हा केवळ देखावा आहे का?

उत्तर: आपले निरीक्षण बरोबर आहे. नियमाच्या पहिल्या, म्हणजे २०२४ च्या हंगामात, मैदानावर हा दंड जवळजवळ पुकारलाच गेला नाही. लीगच्या अधिकाऱ्यांनी याची कल्पना आधीच दिली होती: अंमलबजावणीचा भर सामन्यानंतर चित्रफीत पाहून केलेल्या आर्थिक दंडावर राहील. पंचाला एकाच क्षणी पकड, कंबरेचे वळण आणि पायावरचे पडणे अशा तीन गोष्टी पाहायच्या असतात, त्याही अनेकदा चार-पाच शरीरांच्या गर्दीतून. पूर्ण वेगात हे निश्चितपणे ठरवणे फार कठीण आहे, आणि चुकीचा दंड पुकारला तर १५ यार्ड परत घेता येत नाहीत. त्यामुळे पंचांनी हात आखडता घेतला याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

सामन्यानंतरचा दंड मात्र देखावा नाही. आठवडाभरात चित्रफीत संथ गतीने, अनेक कोनांतून तपासली जाते, खेळाडूला लेखी कळवले जाते आणि त्याच्या वेतनातून रक्कम जाते. त्याला अपील करता येते, आणि ते अपील लीग व संघटना यांनी मिळून नेमलेले अधिकारी ऐकतात. या व्यवस्थेत न्याय अधिक नेमका होतो. तिची उणीव वेगळी आहे: ज्या संघाचा खेळाडू जखमी झाला त्याला त्या सामन्यात काहीच भरपाई मिळत नाही, आणि दंड भरणारा एकटा खेळाडू असतो. त्याला तसे पाडायला शिकवणारा, किंवा तसे पाडू नये हे न शिकवणारा प्रशिक्षक या हिशेबात कोठेच येत नाही. एखाद्या संघाच्या खेळाडूंना वारंवार असा दंड होत असेल तर त्या संघालाही दंड व्हावा, असे मला वाटते.

प्रश्न: या नियमाने मेंदूच्या दुखापती कमी होतील का?

उत्तर: नाही. हा नियम पायांसाठी आहे. वारंवार होणाऱ्या आघातांनी मेंदूचा जो ऱ्हास होतो, आणि जो पिट्सबर्ग स्टीलर्सचे माजी खेळाडू माइक वेब्स्टर यांच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना २००२ मध्ये आढळला, त्याच्याशी या नियमाचा संबंध नाही. त्या आघाडीवर हेल्मेटचा नियम, सरावात हेल्मेटवर घालायची मऊ टोपी, आणि २०२४ पासून बदललेली किकऑफची, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याची, पद्धत हे उपाय आहेत. किकऑफमध्ये पूर्वी दोन्ही संघ लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळत. आता ते एकमेकांच्या जवळ उभे राहतात आणि चेंडू हाती येईपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत हलत नाहीत, त्यामुळे धडकेचा वेग कमी होतो. हे दोन्ही नियम एकाच बैठकीत मंजूर झाले, म्हणून त्यांची सरमिसळ होत असावी.

प्रश्न: एवढा धोका आहे तर टॅकलच काढून टाकावा आणि कंबरेची पट्टी ओढण्याचा फ्लॅग फुटबॉलच सर्वांनी खेळावा, हे बरे नव्हे का?

उत्तर: फ्लॅग फुटबॉल हा चांगला खेळ आहे आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो असणार आहे. लहान मुलांनी टॅकलऐवजी तोच खेळावा या मताचा मी आहे. परंतु व्यावसायिक लीगमधील प्रौढ माणसे धोका जाणून खेळतात. त्यांच्यासाठी प्रश्न धोका शून्य करण्याचा नसून, खेळाला ज्याची गरज नाही असा धोका काढून टाकण्याचा आहे. हिप-ड्रॉप टॅकल नसला तरी फुटबॉल फुटबॉलच राहतो.

प्रश्न: मग बचावपटूंना पर्यायी टॅकल कसा शिकवावा? तशी काही पद्धत आहे का?

उत्तर: आहे, आणि ती बऱ्याच अंशी रग्बीकडून आलेली आहे. सिॲटल सीहॉक्सचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी २०१४ मध्ये आपल्या संघाची टॅकलची पद्धत दाखवणारी चित्रफीत सर्वांसाठी खुली केली होती. तिचा गाभा असा की डोके धडकेच्या रेषेबाहेर ठेवायचे, खांदा धावणाऱ्याच्या मांडीला भिडवायचा, दोन्ही हातांनी पाय कवटाळायचे आणि गरज पडली तर त्याला धरूनच बाजूला लोळायचे. मागून पकड मिळाली असेल तर येथे मुख्य मुद्दा पायांचा असतो: पाय चालते ठेवायचे, आणि खाली जायचेच असेल तर धावणाऱ्याच्या मागे न पडता त्याच्या बाजूला पडायचे.

अडचण अशी की हे शिकवायला अंगावर अंग घेऊन केलेला सराव लागतो, आणि तोच सराव लीगने मर्यादित केलेला आहे. २०११ च्या करारानुसार नियमित हंगामात पॅड घालून करायच्या सरावांची संख्या केवळ १४ वर आणली गेली. ही मर्यादा खेळाडूंच्याच मागणीवरून आली आणि शरीराची झीज कमी करण्यासाठी ती आवश्यकही होती. म्हणून नवे तंत्र मऊ गाद्यांवर, लोळत्या रिंगणांवर आणि कमी वेगात शिकवावे लागेल, आणि त्याची सुरुवात व्यावसायिक संघात नव्हे तर शाळेच्या मैदानावर करावी लागेल. पंचविशीत पोहोचलेल्या खेळाडूला सवय मोडायला सांगण्यापेक्षा बारा-चौदा वर्षांच्या मुलाला ती लागूच न देणे कितीतरी सोपे आहे. लीगकडे पैसा आहे. शालेय प्रशिक्षकांच्या शिक्षणावर तो खर्च करण्याची जबाबदारी तिने नियमाइतक्याच गांभीर्याने घ्यावी.

प्रश्न: सामना पाहताना एखादा टॅकल या नियमात बसतो की नाही हे सामान्य प्रेक्षकाने कसे ओळखावे?

उत्तर: चेंडूवरची नजर काढून बचावपटूच्या कंबरेवर आणि पायांवर ठेवावी. पुनर्दर्शनात प्रथम पाहावे की त्याचे पाय जमिनीवर चालत आहेत की हवेत सुटले आहेत. नंतर कंबर एका बाजूला वळून खाली कोसळते का ते पाहावे. शेवटी तो कोठे पडला ते पाहावे: मैदानावर पडला असेल तर टॅकल वैध आहे, मग तो दिसायला कितीही आडदांड असो. उलट, पकड दोन्ही हातांची असेल, धावणाऱ्याच्या पोटरीवर किंवा घोट्यावर पडून पाय खाली अडकला असेल आणि आधीच्या दोन्ही गोष्टीही घडल्या असतील, तर पंचांनी रुमाल टाकला नाही तरी त्या खेळाडूला येत्या आठवड्यात लीगचे पत्र येण्याची शक्यता आहे.